शनिवारचा खेळ

भरमाण्णा पाच्छापुरे पहिल्यांदा आमच्या अंधशाळेत आले
तेव्हा त्यांच्याआधी तंबाखूचा वास आला.
मी शिंकले.
"सुगंधा टॉकीजची आता वखार झालीया, बाळ.
खुर्च्या काढल्या, पोती भरली. पडदा तेवढा ऱ्हायलाय.
राखण करतो मी. उंदरांना सिनेमा कोण दाखवणार?"

हट्ट मलप्रभाचा होता.
सुट्टीत निपाणीला घरी गेली की सगळी सिनेमाला जात,
रडून येत, जेवताना परत रडत,
आणि हिला म्हणत, तुला काय कळणार.
म्हणून कुडचीकर बाईंनी त्यांना शोधून काढलं.

यंत्र टेम्पोतून उतरलं. आम्ही हात लावला:
गार लोखंड, दोन चाकं, पुढं एक नाक.
हा शिवणयंत्राचा थोरला भाऊ, सिकंदर नदाफ म्हणाला.
मग त्यांची बोटं चाचपली,
कार्बनच्या कांड्यांनी पोळून शेंगांच्या टरफलासारखी झालेली.
त्यांनी ओढून घेतली नाहीत.

खेळ लागला. ते सांगू लागले,
एक वाक्य मराठी, एक कन्नड,
कारण निम्मी पोरं चिकोडीकडची.
"ह्यो एसटीचा ड्रायव्हर. दाढी वाढलीया. गड्ड बिट्टान, नोड्री.
चाकाखाली पोरगं गेलंय एक. तवापासनं
स्टेअरिंगला हात लावत न्हाई."
सांगता सांगता ते माणसांच्या बोलण्यावरच बोलत.
"काका, थांबा की! ती बोलतेय."
"बोलतीय व्हय?"
खरोखर नवल वाटल्यासारखे.

मग कळलं.
केबिनमधला स्पीकर कधीच मेला होता.
मालक म्हणाले, तुला ऐकून काय करायचंय?
त्रेचाळीस आठवडे चालला हा सिनेमा,
आणि यांनी तो वीतभर खिडकीतून
यंत्राच्या घरघरीत
नुसता पाहिला होता.
आमच्याही खोलीत घरघर होतीच.
पण तांदळातून खडे काढावेत तशी
ती आम्ही सवयीनं बाजूला काढत होतो.

पूर आला. नदीचा आवाज आम्हाला कुणी सांगावा लागला नाही.
बाळंतिणीला पलीकडं न्यायचं, गाडी आहे, चालवायला कुणी नाही.
"त्यानं किल्ली घेतली," भरमाण्णा म्हणाले.
"हात थरथरत्यात त्याचं."
किल्ली दांडीवर वाजली होती. ते आम्हीही ऐकलं होतं,
पण हे त्याचे हात आहेत, ते त्यांच्यामुळं कळलं.

शेवटी त्यांनी आवाज उतरवला.
"आता बघा. पाणी ओसरलंय.
ज्या बाईचं पोरगं गेलं, तिच्या दारात उभाय,
चिखलानं भरलेला. ती दार उघडती. ओठ हलत्यात.
मी तुला माफ केलं, म्हणती.
इथं सगळं थेटर रडायचं. मी बी."

कुणीच काही बोललं नाही.
मग मलप्रभा हळूच म्हणाली,
"नाही ओ काका. असं कुठं म्हणाली ती?
पाय पुसून आत ये, म्हणाली."
आणि चिकोडीकडच्या पोरांसाठी पुन्हा एकदा:
"काल ओरसकोंड ओळग बा."

रीळ संपलं. शेपूट फट फट आपटत राहिलं.
त्यांनी यंत्र बंद केलं नाही.
"त्रेचाळीस आठवडे," खूप वेळानं म्हणाले,
"त्या बाईला मी पुस्तकातलं बोलायला लावलं बघा."

पुढं वखारवाल्याशी भांडून त्यांनी शनिवार सोडवून घेतला.
आम्ही त्यांना सांगायचो, कोण खोटं बोलतंय,
कुठल्या नटीला त्या दिवशी पडसं होतं.
ते सांगायचे, जुन्या प्रिंटवर इतके ओरखडे
की भर उन्हातसुद्धा पाऊस पडताना दिसतो.
एकदा रीळच उलटं लावलं आणि
मेलेला म्हातारा उठून चहा प्यायला.

तंबाखूचा वास पुढं आम्हाला येईनासाच झाला.
दाराशी काथ्याचं पायपुसणं होतं.
चपला काढून ते त्यावर पाय घासत,
एप्रिलमध्येसुद्धा,
वाटेत चिखलाचा ठिपका नसताना.
खर्र. खर्र.
मग आत येत.